वन्संविरुद्ध तक्रार

वन्संनी सख्ख्या भाचीला बोटीतून उतरवलं तेव्हा थोरल्या सुनेला राग आला, असं म्हणणं म्हणजे तिचा अपमान आहे. राग तिला दुधावरच्या सायीवरूनही यायचा. या वेळी तिला आनंद झाला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती ज्या संधीची वाट बघत होती ती आयती चालून आली होती. नावाडीण चुकली होती, आणि सगळ्या घरादेखत चुकली होती.

नावाडीण हे नाव मामंजींनी ठेवलेलं. मुलीनं ठरलेलं लग्न मोडलं आणि कॉलेजात मुलींना रोइंग शिकवायची नोकरी धरली, तेव्हा ते म्हणाले होते, "चला, घरात एक नावाडीण निघाली. आता पूर आला तरी चिंता नाही." मामंजी गेले, नाव राहिलं. थोरलीनं ते सासरच्या दागिन्यासारखं जपलं आणि दागिन्यासारखंच वेळ बघून बाहेर काढलं.

सुरुवातीला वन्संकडे होतं काय? पुरुषांच्या संघानं टाकून दिलेली एक बोट, तिला जागोजाग ठिगळं, आणि पाण्याला भिणाऱ्या डझनभर पोरी. थोरली नवी नवरी असताना वन्सं जेवायला यायच्या त्या हाताला रोगणाचा वास घेऊन, तळव्यांवर घट्टे घेऊन. पुढे एका वर्षी त्या पोरी जिंकल्या. मग परत जिंकल्या. मग नवी बोट आली, मुख्य प्रशिक्षक असं पद आलं, आणि कॉलेजच्या वार्षिकात प्राचार्यांपेक्षा वन्संचा फोटो मोठा छापून येऊ लागला. थोरलीचं मत काही बदललं नाही. तिचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता ती सांगायची, "बोट जाते पुढे आणि पोरी बसतात मागे तोंड करून. जिंकल्या काय न् हरल्या काय, त्यांना तरी दिसतंय का?"

आणि मग तिची स्वतःचीच पोरगी त्या बोटीत जाऊन बसली.

जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून तिचं नाव पडलं चिंगी. आता ती दारातून आत येताना वाकत असे. कॉलेजात गेल्यापासून सकाळच्या चहाला तिचं सुरू व्हायचं: आत्या म्हणते पाठ सरळ हवी, आत्या म्हणते झोप पुरेशी हवी, आत्या म्हणते रडायचं असेल तर बोट उचलून ठेवल्यावर रडायचं. घरात आई होती, पण म्हणणं आत्याचं चालत होतं. हे थोरलीनं कुणाला बोलून दाखवलं नाही. ती फक्त चहात साखर जोरात ढवळायची.

म्हणून गुरुवारी चिंगी सुजलेल्या डोळ्यांनी घरी आली आणि "मला पहिल्या बोटीतून काढलं" म्हणाली, तेव्हा आईनं तिला जवळ घेतलं खरं, पण मनातल्या मनात पदर खोचला. आणि आश्चर्य म्हणजे नवराही कामाला लागला. तो कॉलेजच्या नियामक मंडळाचा सभासद होता. एरवी कुठल्याही कामाला त्याचं एकच उत्तर असे, "बघू." या वेळी शुक्रवारी सकाळीच म्हणाला, "प्राचार्यांना फोन तू कर. पालक म्हणून तक्रार तुझ्या तोंडून जाऊ दे. सोमवारी मंडळाची बैठक आहे. पुढचं मी बघतो."

थोरलीनं फोन केला. आवाज जरा कापराही केला. "घरातलीच माणसं अशी वागली तर परक्यांच्या मुलींचं काय होत असेल, सर," असं एक वाक्य तिनं आदल्या रात्रीपासून घोळवून ठेवलं होतं, तेही टाकलं. इतक्या तत्परतेनं नवऱ्यानं कधी गॅसचा सिलिंडर बदलला नव्हता. तिला तिथेच कळायला हवं होतं.

रविवारी सगळे धाकट्या दिराकडे जमले. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला परवानगी दिली होती. बरीच वर्षं धुक्यात काढलेल्या त्या बाईला एकदम लख्ख दिसायला लागलं होतं आणि जो समोर येईल त्याची धडगत नव्हती.

"सूनबाई, केस रंगवतेस ते ठीक. भुवया का सोडल्यास?"

"जेवा तुम्ही, आई," थोरली म्हणाली.

"आणि तू रे?" सासूबाई मोठ्या मुलाकडे वळल्या. "हे पोट कधीपासूनचं? मला कुणी काही सांगतच नाही."

धाकटा खदखदा हसला. त्याचा खेळाडूंचे कपडे शिवायचा छोटा कारखाना होता. तो स्वतः कधी जिना चढून धापेशिवाय वर आला नव्हता, पण शहरातल्या निम्म्या संघांच्या पाठीवरची नावं त्यानं शिवलेली होती. कुणाशी भांडण नको, कुणाचं गिऱ्हाईक तुटायला नको, हे त्याचं घरातलं आणि बाहेरचं धोरण.

वन्सं सगळ्यात शेवटी आल्या. ट्रॅक पँट घोट्यापर्यंत ओली, चेहरा उन्हानं भाजलेला, गळ्यात शिट्टी तशीच. आल्या त्या सरळ आईपाशी गेल्या आणि तिच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवली.

"किती?"

"तीन. आणि नखं काप."

वन्सं हसल्या. थोरलीनं ते हसू पूर्ण होऊ दिलं नाही.

"चिंगी नाही आली तुमच्याबरोबर?"

"येईल. बोटी धुतायत सगळ्या."

"धुवायला चालते म्हणजे. बसायला नाही."

धाकट्यानं भाताचा घास मोठा घेतला, म्हणजे बोलायला नको.

"बोटीतलं नदीवर ठेवून येते मी, वहिनी," वन्सं म्हणाल्या आणि ताट ओढून जेवायला बसल्या.

"तुम्ही ठेवून येता. पोरगी घेऊन येते. चार दिवस उशी भिजवतेय."

"हे बरं नाही हं," सासूबाईंनी लेकीकडे रोखून बघितलं. त्या आजवर नेहमी लेकीच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या, पण नातीसाठी त्यांनी कुणालाही विकलं असतं. "आपलीच पोर. बसव की परत. एवढी लांब बोट, त्यात एकीनं काय होतंय?"

"आठ वल्ह्यांचीच असते आई ती. नववी बसली की बुडते."

"वल्ही मारायच्या सरावाच्या मशीनवर सगळ्यांत जास्त जोर कुणाचा?" थोरलीनं विचारलं. हे तिनं चिंगीकडून काढून घेतलं होतं. "सांगा ना. कुणाचा?"

"चिंगीचा."

"ऐका सगळ्यांनी!"

"मशीन एकटीचं असतं, वहिनी." वन्संनी पाणी प्यायलं. "चौघी-चौघींच्या दोन बोटी काढल्या. शर्यत लावली. मग चिंगीची आणि त्या दुसऱ्या मुलीची जागा बदलली, बाकी कुणाला हलवलं नाही, आणि परत लावली. जिच्या जाण्यानं बोट पळते ती बसते. दोन्ही वेळा जिच्यात ती दुसरी होती तीच बोट पुढे गेली. चिंगी जोर लावते, पण तिचं वल्हं पाण्यात सगळ्यांच्या आधी पडतं. तिला वाटतं ती बोट ओढतेय. प्रत्यक्षात ती इतर तिघींना ओढत असते."

ऐकता ऐकता थोरलीला वाटलं, हे अगदी माझ्यासारखं आहे. आणि त्यामुळे ती आणखीनच भडकली.

"कुणाची मुलगी ती दुसरी?"

"माहीत नाही. विचारलं नाही."

"विचाराल कशाला! स्वतःला मूल असतं तर..."

हे बोलायचं नव्हतं. धाकट्याचा घास घशात अडकला. ताटातली भाजी वन्संनी नीट एका बाजूला केली, जणू तिची काही चूक होती.

अशा वेळी नवरा बोलतो. भांडण चांगलं पेटलं की पाण्याची बादली घेऊन हजर व्हायचं आणि बादलीचं श्रेय घ्यायचं, यात त्याचा हातखंडा होता.

"हे बघ," तो बहिणीला मऊ आवाजात म्हणाला, "उद्या मंडळात तुझ्या नेमणुकीचा विषय आहे. तक्रार आलेली आहे. घरची आहे, पण आहे. माझ्याही हातात सगळं नाही. तू चिंगीला परत घे, मी तक्रार मिटवतो. नाहीतर लोक म्हणतात, बाई आता थकल्या, तरुण माणूस आणा."

"कोण लोक?"

"लोक म्हणजे लोक."

"तर मग लोकांना सांग, दादा, बोटीत कोण बसणार ते मी ठरवते. ज्या दिवशी ठरवू देणार नाही त्या दिवशी मी नसेन. तोवर नाही."

थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. ताठ मान शेवटी तुटतेच. तिनं नणंदेच्या ताटात स्वतःहून भात वाढला, कारण जिंकलेल्या माणसानं उदार असावं.

धाकट्याला शांतता सहन होत नसे. काहीतरी हसण्यासारखं बोलावं म्हणून त्यानं बोलायला तोंड उघडलं, आणि घराण्याच्या इतिहासात त्यानं जे काही केलं त्यातलं सर्वात मोठं काम त्याच्या हातून झालं.

"ते जाऊ दे गं ताई. मला हे सांग, तुझं माप डबल एक्सएल कधी झालं?"

"काय?"

"अगं, पंधरवड्यापूर्वी कॉलेजची ऑर्डर आली. जॅकेट. पाठीवर 'मुख्य प्रशिक्षक, महिला संघ'. माप डबल एक्सएल. मी शिवताना बायकोला म्हटलं, ताईला दोनदा गुंडाळता येईल यात! पावसाळी असेल, आत स्वेटर घालत असेल..."

तो एकटाच हसला. मग हसणं थांबवून त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं?"

वन्संनी हात पुसले. "जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या.

एवढं माप कॉलेजात एकाच माणसाचं होतं. मंडळाच्या अध्यक्षांचे जावई. पुरुषांच्या संघाचे सहायक प्रशिक्षक म्हणून ते मोटरबोटीत बसून थर्मासमधला चहा पीत आणि पोरं हरली की वाऱ्याला दोष देत. त्यांच्यामुळे मोटरबोट एका बाजूला कलते, असा मुलींमध्ये विनोद होता.

थोरली नवऱ्याकडे पाहत होती. नवरा मीठ शोधत होता. मीठ त्याच्या समोर होतं.

पंधरवड्यापूर्वी. तेव्हा चिंगी बोटीतच होती. तेव्हा कुणाच्या तोंडी तक्रार नव्हती, कापरा आवाज नव्हता, फोन नव्हता. जॅकेट आधी शिवून झालं होतं, आणि मग कारण हवं होतं. ते कारण गुरुवारी रडत घरी आलं, आणि शुक्रवारी तिनंच ते फोनवरून पोहोचतं केलं.

"अहो," ती म्हणाली. या घरात ती या सुरात 'अहो' म्हणाली की धाकट्याची पाळीव मांजरसुद्धा उठून जायची. "जॅकेट कुणाचं?"

"तू यात पडू नकोस."

"मला पाडलंय यात. तुम्ही. म्हणून विचारते."

"अध्यक्षांना शब्द दिला होता," नवरा म्हणाला. "मंडळावर राहायचं तर काही गोष्टी कराव्या लागतात. हिला कुठे उपाशी मरायचंय? शारीरिक शिक्षण विभागात खुर्ची देणार होतो. पंखा, टेबल, सगळं. आणि तुला तरी काय वाईट वाटतंय? जन्मभर तू हेच म्हणत आलीस. नावाडीण, नावाडीण."

"मी म्हणत आले," थोरली उठली. "मी तोंडावर म्हणते. माझं तोंड आहे, त्याला मी जबाबदार आहे. तुम्ही माझ्या तोंडानं बोललात. पोरीच्या रडण्याचा उपयोग केलात. ती चार दिवस उशी भिजवतेय आणि तुम्हाला ते सोयीचं वाटलं?"

"कोण उशी भिजवतंय?" दारातून आवाज आला.

चिंगी वाकून आत आली. केस ओले, गुडघे चिखलानं माखलेले. ती किती वेळ जिन्यात उभी होती कोण जाणे. पुरेसं ऐकलेलं दिसत होतं.

"आई, तू प्राचार्यांना फोन केलास?"

थोरलीनं वरणाचा डाव उचलला आणि परत ठेवला.

"मी विचारलं होतं तुला? आता सगळ्या जणी म्हणणार, हिची आई रडत गेली." मग ती वळली. "आणि आत्या, तू पण चुकलीस. मी तिच्यापेक्षा चांगली आहे. त्या दिवशी वारा होता."

"वारा दोघींना होता," वन्सं म्हणाल्या.

"परत लाव शर्यत."

"शनिवारी लावते. तोवर वल्हं सगळ्यांबरोबर पाडायला शीक."

"शीक म्हणते! मी शिकलेच आहे!" चिंगीनं आजीच्या बाजूची खुर्ची ओढली, ताट घेतलं आणि रागारागानं जेवायला लागली. भुकेपुढे तिचा राग कधीच टिकला नव्हता.

"किती लांब झालीय ही," सासूबाई नातीला डोळे भरून न्याहाळत म्हणाल्या. मग मोठ्या मुलाकडे वळल्या, आणि या खेपेला त्या लेकीच्या बाजूला परत आल्या होत्या. "तुझे वडील तोंडाचे फाटके होते. पण बहिणीची नोकरी विकणारा माणूस नव्हता तो. मीठ तुझ्या नाकासमोर आहे."

सोमवारी थोरलीनं दुकानाला कुलूप लावलं आणि कॉलेजात गेली. मंडळाच्या खोलीबाहेर शिपाई म्हणाला, आत बैठक चालू आहे. ती म्हणाली, "माझ्याच तक्रारीवर चालू आहे," आणि आत शिरली.

लांब टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास, टेबलाभोवती पुरुष. निम्म्यांचे चष्मे तिच्या दुकानातले. अध्यक्षांचा तर तिनंच गेल्या महिन्यात बदलून दिला होता, कारण फ्रेम कानाला टोचते अशी त्यांची तक्रार होती. नवऱ्यानं मान खाली घातली. वन्सं खिडकीजवळच्या खुर्चीत पाठ सरळ ठेवून बसल्या होत्या. शिट्टी नव्हती, त्यामुळे गळा उघडा वाटत होता.

"माझी तक्रार होती," थोरली म्हणाली, "की माझ्या मुलीला बोटीत बसवलं नाही. झाली तक्रार. आईची तक्रार आहे ती. अशा तक्रारी मी शाळेत नाटकाच्या वेळीपण केल्यात, माझ्या पोरीला झाड केलं म्हणून. त्यावरून कुणी बाईंना काढलं नव्हतं. या बाई माझ्या नणंद आहेत. मला त्या आवडत नाहीत, हे या गावात सगळ्यांना माहीत आहे. पण इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून एक मुलगी बोटीत घेतलेली मी ऐकली नाही, आणि तुमच्या डोक्यात जो माणूस आहे तो सासऱ्याच्या सांगण्यावरून मोटरबोटीत बसतो. आता काढायचंच असेल तर काढा. फक्त माझ्या नावावर नको."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

त्यांनी काढलं नाही, आणि ठेवलंही नाही. अशा मंडळींना दोन्ही जमत नाही. यंदाच्या रोइंग स्पर्धा संपेपर्यंत विषय पुढे ढकलला, असं ठरलं. नवरा त्यानंतर आठवडाभर बाहेरच्या खोलीत झोपला आणि चहा स्वतः करून प्यायला. तो पांचट व्हायचा. थोरलीनं तो पांचट झालेला पाहिला आणि काही बोलली नाही. एवढी कठोर शिक्षा तिनं त्याला कधीच दिली नव्हती.

बैठकीनंतर जिन्यावर वन्सं तिच्या मागोमाग आल्या.

"तुम्ही आलात म्हणून चिंगीला जागा मिळणार नाही, वहिनी."

"मागितली कुणी? आणि माझ्यावर उपकार केल्यासारखं बघू नका. तुमच्यासाठी नाही आले."

"माहीत आहे." वन्सं एक पायरी उतरल्या. "झाड केलं होतं?"

"झाड. आणि फांद्यासुद्धा हलवायच्या नाहीत म्हणे."

वन्संना हसू आवरेना. थोरलीला इतका राग आला की ती उरलेला जिना पळत उतरली.

शनिवारी सकाळी ती नदीवर गेली. चिंगीला सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत ती त्या काठावर कधी पाय ठेवायला गेली नव्हती. तिथे शेवाळ असतं, चपला खराब होतात. धक्क्याच्या टोकाशी उभी राहून तिनं दोन बोटी लांबून येताना पाहिल्या. तिला बाकी काही कळलं नाही, पण वल्हं कुणाचं आधी पडतं ते कळत होतं. पहिल्या खेपेला चिंगीचं पडलं. जागा बदलल्यावर दुसऱ्या खेपेला नाही पडलं. सगळ्यांबरोबर पडलं. तरी तिची बोट मागेच राहिली. थोडी, पण राहिली.

थोरलीनं नणंदेला मनातल्या मनात सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या, आणि आपण पाहिलं ते खरं होतं हे तिला कबूल करावं लागलं, म्हणून आणखी एक दिली.

पोरी बोट खांद्यावर घेऊन वर आल्या. चिंगीचे डोळे लाल होते. थोरली पुढे झाली, हात पसरून.

"आई, जा ना," चिंगी दातांतून म्हणाली. "सगळ्या बघतायत." आणि बोटीखाली मान घालून इतरांबरोबर निघून गेली.

थोरलीचे हात तसेच राहिले. मग तिनं ते पदराला पुसले, काही लागलं नसताना.

"दुसऱ्या बोटीत पहिल्या वल्ह्यावर बसवतेय तिला," मागून वन्सं म्हणाल्या. "तिथे सगळ्यांना तिच्या वल्ह्याच्या तालानं जावं लागतं. शिकेल."

"मी विचारलं?"

"नाही." वन्सं मोटरबोटीत उतरल्या आणि दोरी सोडायला वाकल्या. दुसरी बोट पाण्यात उतरत होती. "यात एक जागा आहे. पण मोठ्यानं बोलायचं नाही, पोरींचं लक्ष जातं."

"मी? मी कशाला बोलतेय?" थोरलीनं चपला हातात घेतल्या, शेवाळाला आणि नावाडणीला एका दमात नावं ठेवली, आणि नणंदेचा घट्ट्यांनी खरखरीत झालेला हात धरून आत उतरली.

पहिल्या वळणापर्यंत ती खरंच गप्प बसली.